नावनच्या अलीकडे दहा मिनिटं

माझ्या आईला मी पेट्रोलपंपावर सोडून आले, हे मला कळायला एकोणीस दिवस लागले. डब्लिनहून नावनला येताना गाव चार मैलांवर राहतं, तिथे डाव्या हाताला एक पंप लागतो. आत कॉफीचं मशीन, चिकन रोलचं काउंटर आणि खिडकीला लागून पाच टेबलं आहेत. त्यातल्या दुसऱ्या टेबलापाशी.

ऐकणाऱ्याला वाटेल, बाईचं डोकं फिरलंय. वाटू दे. मी भूलतज्ज्ञ आहे, नावनच्या हॉस्पिटलात नोकरी करते, रोज पाच-सात माणसांना झोपवते आणि न चुकता उठवते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आता आहे असंही मी कुणापुढे कबूल करणार नाही. पण राग यायला विश्वास कुठे लागतो? मला राग आला आणि तो असा आला की ड्यूटी संपल्यावर मी कपडेही न बदलता फेलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

फेली म्हणजे फेलिसिदाद, आमची शेजारीण. मूळची फिलिपिन्सची. पंचवीस वर्षांपूर्वी आयर्लंडने तिकडून नर्सेस आणल्या, त्यात ही आली. आता साठीला टेकलीय, एकटी राहते, आणि मला 'डॉक' म्हणते. आमची ईशानी चार महिन्यांची असल्यापासून हिच्या कडेवर वाढली. आमच्या घराची किल्ली जगात तीनच माणसांकडे आहे, मी, माझा नवरा प्रताप आणि फेली. अशा बाईने माझ्याशी असं वागावं, याचाच संताप जास्त होता.

आई नोव्हेंबरात आली होती, तीन महिन्यांच्या व्हिसावर. ती रहिमतपूरच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर चौतीस वर्षं बसली. त्यामुळे नवा माणूस भेटला की तिचं सुरू व्हायचं. गाव कोणतं, लोकसंख्या किती, नळाला पाणी किती वेळ येतं. इथल्या गोऱ्या शेजाऱ्यांना असलं विचारायची सोय नव्हती, म्हणून ती फेलीच्या मागे लागली. दर रविवारी दुपारी फेली चर्चहून आली की आमच्या स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसायच्या, आणि मध्ये मी, दुभाषी. मला आठवड्यातून एक रविवारच मोकळा मिळतो, तोही ह्यात जायचा. चिडचिड व्हायची माझी. आता त्या चिडचिडीचंच वाईट वाटतं.

"आमचं तालुंगन पाचव्या वर्गाचं आहे," फेलीने पहिल्याच रविवारी अभिमानाने सांगितलं. तिकडे म्हणे सरकार नगरपालिकांचे वर्ग ठरवतं, पहिल्यापासून खाली.

आई एकदम खुलली. "आगं, आमची क वर्गाची. म्हंजे तिसरीच झाली की. तिला सांग, तुमी आमच्यापेक्षा दोन यत्ता खाली हाय."

मी ते सांगितलं नाही. पण तालुंगन मात्र माझ्या डोक्यात भरलं ते भरलंच. सामार नावाच्या बेटाच्या पूर्वेला, थेट प्रशांत महासागरासमोर बसलेलं गाव. चौदा वाड्या, नऊ हजार माणसं, नारळ, आणि केळीसारख्या एका झाडापासून काढलेला दोर. ते गाव तीनदा हललेलं. स्पॅनिश पाद्र्यांच्या काळात चाच्यांच्या भीतीने डोंगरावर गेलं, अमेरिकनांनी किनाऱ्याने रस्ता केला तसं खाली आलं, मग एकदा आख्खं जळालं आणि पुन्हा बांधताना समुद्राला आणखी शंभर पावलं जवळ सरकलं. दर वेळी चर्चची घंटा आधी न्यायची आणि माणसांनी मागून जायचं, असा रिवाज. मेयरचं नाव बाकांवर, कचऱ्याच्या डब्यांवर, बसथांब्याच्या शेडवर आणि अँब्युलन्सवर रंगवलेलं. हे ऐकून आई म्हणाली, "आपल्याकडंबी तसंच की." तेवढ्यावर दोघींचं सूत जुळलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी आईने तिच्या खात्याचा प्रश्न काढला. मयताच्या नोंदी तुमच्याकडे कोण करतं?

फेलीने कप खाली ठेवला. बारा वर्षांपूर्वी वादळ आलं होतं, ती म्हणाली, आणि समुद्र गावात शिरला. एका सकाळीत तीनशे सहासष्ट माणसं गेली. नोंद करायला नगरपालिकेची इमारतच राहिली नव्हती. रजिस्टरं वाहून गेली.

मी मराठीत सांगितलं तशी आईने तोंडावर हात धरला. "रजिस्टरं गेली? म्हंजे आधी मेलेलेबी गेले."  मग उठली आणि फेलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला तेव्हा ते थोडं अतीच वाटलं होतं.

बावीस जानेवारीला दुपारी आई खुर्चीत बसल्या बसल्या गेली. चहा अर्धा प्यालेला, चष्मा डोळ्यांवर. मी थिएटरमध्ये होते, प्रताप डब्लिनला, बॉल्सब्रिजच्या ऑफिसात. फेली नेहमीसारखी डोकावायला आली आणि तिनेच आधी पाहिलं. अँब्युलन्स आली, त्यांनी करायचं ते सगळं केलं, पण हृदय थांबून वेळ झाला होता. शेवटच्या क्षणी तिच्याजवळ मी नव्हते. दुसऱ्यांच्या आयांच्या नाडीवर बोट ठेवून उभी राहणारी मी, माझ्या आईच्या वेळी कुणाच्या तरी हर्नियाला भूल देत होते. हे मला आजही गिळता येत नाही.

कागदपत्रांत सहा दिवस गेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सँडविचेसची ताटं आणून दिली, हातात हात घेऊन 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणाले, आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या पॅट्रिकने न विचारता आमच्या पुढच्या अंगणातलं गवत कापलं. भली माणसं आहेत. डब्लिनला अग्नी दिला, म्हणजे बटण दाबलं. परत निघताना प्रताप ईशानीला घेऊन पुढे गेला. फेलीने माझा दंड धरला. "डॉक, तू माझ्या गाडीत बस."

 नावनच्या अलीकडे तिने गाडी डावीकडे पंपावर घेतली. मला वाटलं पेट्रोल. पण तिने गाडी लावली, मला आत नेलं, खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलावर बसवलं आणि तीन चहा आणले.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली. "दहा मिनिटं बस. आमच्याकडे पद्धत आहे. अंत्यविधीहून थेट घरी जात नाहीत."

पद्धतींचं मला त्या दिवशी वावडं नव्हतं. आपल्याकडेही स्मशानातून येऊन कुणाच्या घरी शिरत नाहीत, आधी आंघोळ करतात. असेल तसलंच काहीतरी, म्हणून बसले. समोरच्या टेबलावर दोन ड्रायव्हर रोल खात होते. तिसरा चहा तसाच निवत राहिला. दहा मिनिटांनी फेलीने माझ्या पाठीला हात लावला, आम्ही उठलो आणि घरी आलो.

आणि घर रिकामं होतं.

लोक म्हणतात, माणूस गेलं तरी घरात जाणवत राहतं. मी वाट पाहिली. आईच्या खोलीत दार लावून बसले. तिचा पेनीज नावाच्या इथल्या स्वस्त दुकानातून घेतलेला राखाडी स्वेटर नाकाला लावला. तीन महिने त्या खोलीला कैलास जीवनचा वास होता, इतका की ईशानी नाक धरायची. दुसऱ्या दिवशी तो वास नाही म्हणजे नाही. हॉटेलची खोली असावी तशी खोली. तेराव्याला प्रतापने नेटवरून भटजी लावले, त्यांनी पुण्यातून सांगितलं तसं केलं. तेव्हाही काही नाही. स्वप्नातसुद्धा आली नाही. प्रताप म्हणाला, असं होतं, वेळ जाऊ दे. ईशानी बारा वर्षांची, ती जिन्यावर बसून म्हणाली, "इट्स लाइक शी गॉट ऑफ समव्हेअर, मॅम." कुठेतरी उतरून गेल्यासारखं. मी तिच्यावर खेकसले. का, ते मलाही कळलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी थिएटरमधल्या एका नर्सशी बोलताना सहज विषय निघाला. तीही फिलिपिन्सची, सेबूची. मी पंपावरच्या चहाचं सांगितलं तर ती मनापासून म्हणाली, "फेलीने छान केलं. पगपग केलं तिने तुझ्यासाठी." आणि समजावून सांगितलं. मेलेलं माणूस जिवलगाच्या मागोमाग घरी येतं. म्हणून वाटेत कुठेतरी थांबायचं, दुकानात, हॉटेलात, कुठेही. ते तिथे उतरतं. आपण निघून यायचं. झटकून टाकायचं, एवढाच त्याचा अर्थ.

तर अशी मी फेलीच्या दारात उभी होते. दुपारचे चार वाजले होते.

"माझी आई," मी म्हटलं, "आणि तू मला न विचारता तिला झटकून टाकलंस? पंपावर? त्या बाईला इंग्रजी येत नाही, फेली. थंडी सोसत नाही. तिथे टॉयलेट कुठे आहे ते तिला माहीत नाही." काय बोलत होते माझं मला कळत नव्हतं, पण थांबताही येत नव्हतं. "आणि प्रताप तर थेट घरी आला होता. त्याच्या मागून तरी ती का आली नाही?"

"जावयाच्या मागून?" फेली म्हणाली. "तुझी आई?"

ते खरंच होतं. आई जावयाच्या मागून कधी खरेदीलाही गेली नसती. त्याने माझा राग जास्तच भडकला.

"माझ्या आईचं मला काही नको सांगूस. तू तुझ्या आईचं केलं असतंस असं?"

फेली दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "वर ये."

इतक्या वर्षांत मी तिच्या वरच्या मजल्यावर कधी गेले नव्हते. इथल्या घरांत जिन्याच्या वर गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल, चादरी त्यात सुकायला ठेवायच्या. फेलीच्या हॉट प्रेससमोर गालिचा ओला होता. दोन पावलं ठेवून कुणी उभं राहिलं तर जेवढी जागा लागेल, तेवढाच. मी वाकून हात लावला. ओलं, आणि थंडगार. बाजूचा सगळा गालिचा कोरडा. बोटांना समुद्राचा वास आला. समुद्र तिथून वीस मैलांवर आहे.

"टाकी गळत असेल," मी म्हटलं.

"तीन प्लंबर झाले," फेली म्हणाली. "टाकी ठणठणीत आहे. ही माझी आई, बेनिता. तिला ऊब लागते म्हणून ती इथे उभी राहते. बारा वर्षं सुकतेय. अजून सुकली नाही."

मग जिन्याच्या पायरीवर बसून तिने सांगितलं. आजवर हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या आईलाही नाही.

तालुंगनमधलं सिमेंटचं दुमजली घर फेलीने बांधलं होतं, नावनच्या नाइट ड्यूट्यांवर. वाडीतलं पहिलं सिमेंटचं घर. वादळाच्या आदल्या दिवशी वाडीचा मुखिया दारोदार फिरून सांगत होता, डोंगरावरच्या शाळेत चला. आईने फोन केला, जाऊ का? फेली म्हणाली, कशाला त्या शाळेत गर्दीत लोळतेस, पत्र्याचं छप्पर आहे तिचं, उडून जाईल. आपलं घर सिमेंटचं आहे. मी बांधलंय. घरातच थांब.

"मुखियाचं ऐकलं असतं तर वाचली असती," फेली म्हणाली. "शाळेतले सगळे वाचले. तिने माझं ऐकलं."

फेली अकराव्या दिवशी पोहोचली. चर्चच्या मागे मोठा चर खणून सगळ्यांना एकत्र पुरलं होतं. तिसऱ्या रांगेत, असं कुणीतरी बोट दाखवलं. आणि मग लोक तिथून परत फिरले, आणि थांबायला जागाच नव्हती. बेकरी नाही, दुकान नाही, बाजार नाही, झाडाची सावलीसुद्धा नाही. समुद्राने सगळं सपाट केलेलं. जो तो चरापासून थेट आपापल्या तंबूत गेला, आणि तीनशे सहासष्ट माणसं त्यांच्या मागोमाग गेली. वर्षभर तालुंगनमध्ये कुणी नीट झोपलं नाही, फेली म्हणाली. ताटात वाढलेला भात खारट व्हायचा. मुलं रिकाम्या बाकांशी बोलायची. शेवटी नव्या मेयरने कब्रस्तानाच्या फाटकापाशी एक शेड बांधली, बाक टाकले, स्वतःचं नाव रंगवलं, आणि चहाची टपरी लावून दिली. खास थांबण्यासाठी. पाचव्या वर्गाच्या गावाने स्वतःच्या खर्चाने केलेली ती एकच गोष्ट.

"पण तू तर तिथून इकडे आलीस," मी म्हटलं. "मनिला, दुबई. किती ठिकाणी थांबली असशील."

"थांबले. पण प्रत्येक ठिकाणी तिला म्हणाले, उतरू नकोस. हात धरून आणली." ती हॉट प्रेसकडे पाहत होती. "मला वाटलं, घरी आणीन, माफी मागीन. बारा वर्षं रोज मागते. ती नुसती उभी असते, डॉक. पाणी गळत असतं. माझ्याकडे बघतही नाही. तुझी आई गेली ना, तेव्हा ती बाई कशी छान कोरडी होती, चष्मा लावून. मला वाटलं, हिचं तरी माझ्या आईसारखं होऊ नये."

मला रडू आलं. पण राग काही गेला नाही, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "तुझं दुःख तुझ्यापाशी. मला माझी आई परत पाहिजे. आणता येते का?"

तिने मान डोलावली. मग म्हणाली, येते. चाळीस दिवस गेलेली माणसं इथेच असतात, मग पुढे जातात. तिथे जायचं, बसायचं, नावाने हाक मारायची आणि कुठेही न थांबता थेट घरी यायचं.

"रविवारी," मी म्हटलं.

रविवारी सकाळी दहाला फेली गाडी घेऊन दारात आली. मी पुढचं दार उघडायला गेले तर ती म्हणाली, "मागे बस, डॉक." पुढच्या सीटचा पट्टा लावलेला होता. सीटवर कुणी नव्हतं. मी लहान मुलासारखी मागे बसले.  वळणावर आधारासाठी पुढच्या सीटला हात लावला, तर कापड दमट लागलं. आयर्लंडातला फेब्रुवारी आहे, सगळंच दमट असतं, असं मी स्वतःला समजावलं आणि हात मांडीवर घेतला.

"हे काय आहे, फेली?"

"मी आज तिला तिथे सोडणार आहे," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "आजवर जमलं नाही. आठ-दहा वेळा पंपापर्यंत नेली आणि परत आणली. म्हातारी बाई, परका मुलुख, वाट माहीत नाही. तिचे चाळीस दिवस कधीच उलटून गेले. एकटी ती पुढे कुठे जाईल?" मग म्हणाली, "तुझ्या आईचे अजून आहेत. ती जाईल तेव्हा हिला बरोबर नेईल. नेली असती."

"असती म्हणजे?"

"पण तू तिला घरी नेणार आहेस, मग ती तिथेच राहील. ने. तुझी आई आहे, मी कोण सांगणार? मी हिला परत घेऊन जाईन."

मला तिचा गळा धरावासा वाटला. दोन दिवस मी घर आवरत होते. आईची चादर धुऊन अंथरली होती, स्वेटर खुर्चीवर टाकला होता, हिटर लावून निघाले होते. आणि ही आत्ता सांगते. 

पंपावर चर्चहून आलेल्या लोकांची गर्दी होती. पेपर, दूध, सॉसेजचे रोल. दुसरं टेबल तेवढं रिकामं होतं. आम्ही समोरासमोर बसलो, प्रत्येकीच्या शेजारी एक खुर्ची मोकळी ठेवून. फेलीने चार चहा आणले.

कैलास जीवनचा वास आला.

सांगितलं की खोटं वाटेल, पण कॉफी आणि तळलेल्या डुकराच्या त्या वासातून सरळ माझ्या नाकाशी आला. डाव्या बाजूने, मोकळ्या खुर्चीकडून. मला इतकं हायसं वाटलं की हुंदकाच फुटला. होती. इथेच होती. एवढे दिवस, ह्या रोल खाणाऱ्या लोकांत, पाय जुळवून बसलेली. आता फक्त हाक मारायची, उठायचं आणि थेट घर गाठायचं. बारा मिनिटांचा रस्ता.

मी "आई" म्हटलं. आणि समोर बघितलं.

फेलीच्या शेजारच्या खुर्चीखाली फरशीवर पाणी जमत होतं. थेंब थेंब. फेली त्या खुर्चीकडे तोंड करून, खाली मान घालून, तिच्या भाषेत हळूहळू बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही. साठीची बाई, पण आवाज एखाद्या पोरीचा झाला होता. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. एकदा जरी तिने विनवलं असतं तरी मी हट्टाने आईला घेऊन निघाले असते. माझा स्वभावच तसा आहे.

माझी आई त्या भिजलेल्या परक्या बाईकडे बघत असणार, हे मला माहीत होतं. नगरपालिकेत तिच्या टेबलापुढे असे लोक रोज यायचे. भांबावलेले, नाव काय सांगायचं ते न सुचणारे. आधी बसवायची, पाणी द्यायची, मग विचारायची. त्या नोंदींपायी मी शाळेतून आले तरी ती कधी वेळेवर घरी आली नाही, आणि मी तिच्यावर रुसून बसायचे. आताही मी रुसलेच होते. माझ्या वाट्याला तू कधी येणार, असं मला ओरडून विचारायचं होतं.

विचारलं नाही. डोळे पुसले आणि मराठीत म्हटलं, मोठ्याने, काउंटरवरचा मुलगा बघत होता तरी.

"आई, ही बेनिता. फेलीची आई, तालुंगनची. हिची नोंद राहिलीय. हिला वाट माहीत नाही. तुझ्याबरोबर घेऊन जा."

फेलीने मान वर केली. तिला शब्द कळले नसतील, पण तिच्या आईचं नाव कळलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आम्ही चहा संपवला. दोन कप तसेच राहिले. फरशीवरचं पाणी वाढायचं थांबलं होतं. फेली आधी उठली आणि मागे न बघता दाराबाहेर गेली.

मी खुर्ची मागे सारली. आमच्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. लहानपणी घाईत तोंडातून 'जाते' गेलं की आई फाटकापासून मला परत बोलवायची, उंबऱ्यात उभी करायची आणि नीट म्हणायला लावायची. शाळेची घंटा होऊन जाईना का.

"जाते गं आई," मी म्हटलं, आणि दारात थांबले.

तिने परत बोलावलं नाही.